रिपोर्ट आल्यानंतर



एचआयव्ही हा विषय जाहीर झाला की श्रोत्यांचे दोन गट पडतात. पहिला गट म्हणतो, हे सगळं आम्ही एसटी स्टँडच्या भिंतींवर वाचलंय, कॉलेजच्या पथनाट्यात पाहिलंय, आता नवीन काय सांगणार? दुसरा गट म्हणतो, हा आमचा विषयच नव्हे. तरीही दोन्ही गटांतली मंडळी आज आली आहेत. यात व्याख्यानमालेची पुण्याई मोठी, माझी थोडी.

जिल्ह्याच्या ठिकाणी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचार केंद्रात, मी बरीच वर्षं काम केलं. तिथे टेबलापलीकडे बसलेला माणूस विषाणूचा आकार विचारत नाही, त्याचा उगम विचारत नाही. तो विचारतो, ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय, आता पुढे काय?’ आज मी या एका प्रश्नाभोवतीच बोलणार आहे. कारण या प्रश्नाचं उत्तर गेल्या चाळीस वर्षांत चार-पाच वेळा मुळापासून बदललं. आपल्या डोक्यातलं उत्तर मात्र आपण ज्या वर्षी पहिल्यांदा घाबरलो, त्या वर्षावर थांबलेलं आहे.

भारतात हा विषाणू पहिल्यांदा सापडला तो १९८६ साली, चेन्नईत. डॉ. सुनीती सोलोमन यांनी आपल्या विद्यार्थिनीला, सेलप्पन निर्मला यांना, हा शोध हाती घ्यायला लावलं. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा झाले, वेल्लोरला तपासले गेले, आणि त्यांतले काही पॉझिटिव्ह निघाले. तोवर ‘हा परदेशातला आजार’ असं आपण छातीठोकपणे म्हणत होतो. त्या दिवसापासून तो ‘त्या बायकांचा आजार’ झाला. आपली सोय तेवढी बदलली.

तीनच वर्षांत, १९८९च्या फेब्रुवारीत, गोव्यात डॉमिनिक डिसोझा नावाच्या तरुणाला पोलीस घेऊन गेले. हा नियमित रक्तदान करणारा माणूस. दिलेल्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही निघाला होता. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला वेगळं ठेवण्याची तरतूद होती, त्यामुळे त्याला म्हापशाच्या एका जुन्या क्षयरुग्णालयात ठेवलं आणि बाहेर पहारा बसवला. तो तिथे ६४ दिवस होता. त्याची आई लुसी डिसोझा मुंबई उच्च न्यायालयात गेली. डॉमिनिक घरी आला, पण न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरवली नाही. सार्वजनिक हित मोठं, असं निकालात म्हटलं गेलं. पुढे डॉमिनिकने गोव्यात अशाच लोकांसाठी काम उभं केलं आणि १९९२ साली तो गेला. ‘माय ब्रदर निखिल’ हा चित्रपट त्याच्या आयुष्यावरून सुचलेला आहे.

तेव्हा १९८९ मधलं उत्तर काय होतं? रिपोर्ट आला की पोलीस येतात. एवढी धास्ती घालून वर ‘चाचणी करून घ्या’ असं आपण लोकांना सांगत होतो.

त्या पहाऱ्याने कुणाचं रक्षण झालं, हे आता शांतपणे पाहू. विषाणू शरीराबाहेर फार तग धरत नाही. तो जातो रक्तातून, वीर्यातून, योनिस्रावातून, गुदाशयातल्या स्रावातून आणि आईच्या दुधातून. लाळ, घाम, अश्रू यांतून जात नाही. एका ताटात जेवल्याने, एका नळावर पाणी भरल्याने जात नाही. डासाचा प्रश्न प्रत्येक सभेत येतो, म्हणून आधीच सांगतो. डास चावताना आपल्या अंगात सोडतो ती त्याची लाळ. आधीच्या माणसाचं रक्त तो परत ओतत नाही, ते पचवून टाकतो. शिवाय हा विषाणू डासाच्या शरीरात वाढतच नाही. मलेरियाचा जंतू वाढतो, हा नाही. न्हाव्याच्या वस्तऱ्याचंही विचारतात. नवं पातं मागा, ते कावीळ ब आणि क यांच्यासाठीही शहाणपणाचं आहे. पण वस्तऱ्याने घरोघरी एचआयव्ही पसरला, असं कुठे दिसलेलं नाही.

जिथून तो खरोखर जातो, तिथेही सगळ्या वाटा सारख्या रुंद नाहीत. बाधित रक्त चढवलं तर लागण होण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या वर असते. दवाखान्यात वापरलेली सुई चुकून टोचली तर ती हजारात तीनच्या आसपास असते. उपचार न घेणाऱ्या पुरुषाकडून स्त्रीला एका संबंधात लागण होण्याची शक्यता सरासरी दहा हजारांत आठ, आणि गुदसंबंधात तो स्वीकारणाऱ्याला दहा हजारांत सुमारे एकशे अडतीस. हे आकडे ऐकून कुणी निश्चिंत होऊ नये. ते एका वेळेचे आहेत आणि संसार एका वेळेचा नसतो. गुप्तांगावर जखम असेल, दुसरा लैंगिक आजार असेल, तर ते वाढतात. सर्वांत जास्त ते कशाने वर-खाली होत असतील, तर रक्तात विषाणू किती आहे याने. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत त्याची संख्या प्रचंड असते, आणि नेमकं तेव्हाच माणसाला थोडा ताप, थोडी अंगदुखी यापलीकडे काही कळत नाही. रक्तातल्या विषाणूच्या या मोजणीला व्हायरल लोड म्हणतात. तो शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रक्ताच्या वाटेचा बंदोबस्त आपण बऱ्यापैकी केला. दिलेल्या प्रत्येक पिशवीची तपासणी सक्तीची झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त विकणं बंद झालं. कायदा आणि प्रयोगशाळा यांनी सुटण्यासारखा प्रश्न आपण सोडवला. बेडरूममधला राहिला.

आता चाचणीकडे येऊ. नेहमीची चाचणी विषाणूला शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांना शोधते. ती तयार व्हायला काही आठवडे जातात. त्या काळात लागण असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. याला विंडो पिरियड म्हणतात, आणि म्हणून धोका घडून गेला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगतात. सरकारी समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, म्हणजे आयसीटीसीमध्ये, पहिल्या किटवर रक्त पॉझिटिव्ह दिसलं तर तेवढ्यावर निकाल देत नाहीत. त्याच नमुन्यावर वेगळ्या बनावटीची दुसरी आणि तिसरी किट चालवतात. तिन्ही जुळली, तरच पॉझिटिव्ह. बाहेर एखाद्या लॅबमध्ये एकाच किटवर छापलेला कागद घेऊन रडत आलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांतल्या काहींचा निकाल पुढे निगेटिव्ह आल्याचंही पाहिलं आहे.

चाचणी जे सांगत नाही, ते मात्र आपण तिच्याकडून वदवून घेतो. लागण केव्हा झाली हे ती सांगत नाही. कुणाकडून झाली हेही सांगत नाही. आपल्याकडे घरात पहिली चाचणी बहुतेक वेळा बाईची होते, कारण ती गरोदर राहते आणि गरोदरपणात सगळ्या तपासण्यांबरोबर हीदेखील होते. नवऱ्याने जन्मात रक्त तपासलेलं नसतं. सून पॉझिटिव्ह निघते, आणि ज्याचा रिपोर्ट आधी आला त्याने आजार आणला, असा घरात निवाडा होतो. रिपोर्टचा क्रम हा लागणीचा क्रम नव्हे, ही एवढी साधी गोष्ट. पण तिच्यापायी महाराष्ट्रात किती पोरी माहेरी धाडल्या गेल्या असतील. नवरा वारला की दीर म्हणतात, हिनेच खाल्लं त्याला, आणि शेताच्या कागदावरून तिचं नाव खाली येतं. हा अन्याय विषाणूने केलेला नाही. म्हणून मी कार्यकर्त्यांना नेहमी सांगत आलो, बाईला एकटीला रिपोर्ट घेऊन घरी पाठवू नका, नवऱ्याला आधी बोलवा, दोघांची तपासणी एका दिवशी करा. तिची तशी इच्छा असेल तर, अर्थात. संमती आणि गुप्तता यांना फाटा देऊन केलेलं भलं शेवटी तिच्याच अंगावर येतं.

याच कारणाने लग्नाआधी सक्तीची चाचणी ही आपल्या पुढाऱ्यांना अधूनमधून सुचणारी कल्पना मला कधी पटली नाही. पत्रिका जुळवावी तसे रिपोर्ट जुळवणार, पण विंडो पिरियडमधल्या नवरदेवाचं काय? आणि लग्नानंतरच्या वीस वर्षांचं काय? दोघांनी आपण होऊन तपासून घेतलं तर उत्तमच. सक्तीने फक्त खोट्या रिपोर्टांचा धंदा चालेल.

पुन्हा आपल्या प्रश्नाकडे येतो. नव्वदच्या दशकात पोलीस येईनासे झाले, पण डॉक्टरकडेही देण्यासारखं फारसं काही नव्हतं. १९८७ साली अमेरिकेत एझेडटी हे पहिलं औषध आलं. ते एकट्याने दिलं की काही काळात विषाणू त्याला सरावायचा. याचं कारण विषाणूच्या स्वभावात आहे. तो आपल्या प्रतिकारशक्तीच्या सीडी फोर पेशीत शिरतो, स्वतःच्या आरएनएची डीएनएमध्ये नक्कल करतो आणि ती नक्कल पेशीच्या डीएनएमध्ये घुसवतो. परक्याने गुपचूप सातबाऱ्यावर नाव चढवावं, तसं. त्यानंतर ती पेशी जगेल तोवर त्याची प्रत काढत राहते. नक्कल करताना तो चुका फार करतो, आणि त्यांतली एखादी चूक औषधाला दाद न देणारी निघते. एका औषधाला चुकवणं सोपं, एकाच वेळी तिघांना चुकवणं जवळपास अशक्य. १९९६ साली तीन औषधांचा एकत्र उपचार आला आणि श्रीमंत देशांत मरणाला टेकलेली माणसं उठून कामाला जाऊ लागली. वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता.

इथे एका मुंबईकराचं नाव घेतलंच पाहिजे. २००१ साली सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा तोच उपचार वर्षाला ३५० डॉलरला, म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षाही कमी दरात, द्यायची तयारी दाखवली. जगाच्या औषधबाजाराला हादरा बसला. आफ्रिकेतल्या लाखो माणसांच्या तोंडी आपल्याकडे बनलेल्या गोळ्या पडल्या. आपल्या देशात सरकारने मोफत उपचार सुरू केले ते १ एप्रिल २००४ला, निवडक सरकारी रुग्णालयांत. मुंबईचं जे. जे. त्यांत होतं. औषध मुंबईची कंपनी बनवत असताना मुंबईतल्या माणसाला तीन वर्षं थांबावं लागलं, हे मला अजून टोचतं.

ते पहिले उपचार सुखाचे नव्हते. स्टॅव्हुडीनने गाल आत जायचे, हातापायांची चरबी झडायची, तळपाय बधिर व्हायचे. आजाराने नव्हे, औषधाने माणूस ओळखू यायचा. नेव्हिरापीनने अंगावर पुरळ यायचं. आणि औषध सगळ्यांना मिळायचंही नाही. सीडी फोर पेशी २०० च्या खाली उतरल्या की मगच. पुढे ही मर्यादा ३५० झाली, मग ५००. ‘अजून तुमची वेळ आली नाही’ असं सांगून आम्ही माणसं परत पाठवायचो, आणि त्यांतली काही परत यायची ती स्ट्रेचरवर, क्षयाने. एचआयव्हीच्या माणसाला मारणारा सर्वांत मोठा आजार आजही क्षयच आहे. २०१७ साली ही मर्यादा गेली. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की उपचार सुरू, सीडी फोर कितीही असो.

हे का झालं, त्याची एक वाट पुण्यातून जाते. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवर एक अभ्यास झाला, आणि भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था त्यात होती. जोडप्यातला एक पॉझिटिव्ह, दुसरा निगेटिव्ह. निम्म्यांना उपचार लगेच, निम्म्यांना नंतर. २०११ मध्ये निकाल आला. लगेच उपचार घेणाऱ्यांकडून जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली होती. पुढे युरोपात झालेल्या अभ्यासात उपचाराने व्हायरल लोड दबलेल्या पुरुषांच्या ७८२ समलिंगी जोडप्यांनी निरोध न वापरता सुमारे ७६ हजार वेळा संबंध ठेवले. त्यातून जोडीदाराकडून झालेली लागण शून्य.

हा आकडा मी मुद्दाम सावकाश सांगतो. कारण तो आपल्या डॉक्टरांच्याही तोंडून स्पष्टपणे येत नाही. रोज गोळी घेणाऱ्या, व्हायरल लोड तपासणीत विषाणू न सापडणाऱ्या माणसाकडून लैंगिक संबंधातून एचआयव्ही जात नाही. ‘फारसा जात नाही’ असं म्हणू नका. जात नाही. लोक बेफिकीर होतील म्हणून हे दडवणारे सहकारी मला भेटले आहेत. मला वाटतं, गोळी नियमित घ्यायला यापेक्षा मोठं कारण तुम्ही माणसाला देऊ शकत नाही. हा शून्य शरीरसंबंधांपुरता आहे. रक्तदान त्याने करायचं नाही, सुई वाटून घ्यायची नाही, आणि दुधाच्या वाटेचा धोका फार कमी होतो, पण शून्य म्हणता येत नाही. गरमी, परमा अशा बाकीच्या लैंगिक आजारांसाठी निरोध लागतोच.

आजची गोळी एकच आहे, रोज एक. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्राविर. पहिली दोन औषधं नक्कल होऊ देत नाहीत, तिसरं सातबाऱ्यावर नाव चढू देत नाही. पूर्वी चढलेली नावं मात्र खोडता येत नाहीत, म्हणून गोळी बंद केली की काही आठवड्यांत विषाणू पुन्हा वर येतो. केंद्रात येणारे प्रश्न फार व्यवहारी असतात. एकादशीला चालते का? चालते, उपाशीपोटीही चालते. कॅल्शियमच्या किंवा लोहाच्या गोळीबरोबर? उपाशीपोटी नको, डोल्युटेग्राविर त्यांच्याशी बांधलं जातं आणि अंगी लागत नाही. जेवणाबरोबर दोन्ही घ्या, नाहीतर वेळेत अंतर ठेवा. गरोदर बाईला हे सांगायचं राहून जातं. क्षयाच्या उपचारातलं रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा लागतं. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी टोळी निघण्याआधी केंद्रात येऊन जास्त महिन्यांच्या गोळ्या मागाव्यात, किंवा जिथे पोचणार तिथल्या केंद्राची चिठ्ठी घ्यावी. ज्यांचं औषध सुटतं त्यांतले किती जण आळसाने सोडतात? मी पाहिलेल्यांत फार थोडे. बहुतेकांची गोळीची डबी सासूच्या नजरेला पडेल म्हणून सुटलेली असते.

बाळांची गोष्ट या सगळ्यात सर्वांत सुखाची. काहीच उपाय केला नाही तर शंभरातल्या पंधरा ते पंचेचाळीस बाळांना आईकडून लागण होते. आईचा उपचार वेळेवर सुरू झाला आणि बाळाला सुरुवातीचे आठवडे सिरप दिलं, तर हे प्रमाण पाचाच्या खाली येतं. बाळाच्या रक्तात आईची प्रतिपिंडं दीड वर्षापर्यंत राहतात, त्यामुळे नेहमीची चाचणी तिथे फसवते. म्हणून सहाव्या आठवड्यात टाचेला टोचून रक्ताचे थेंब कागदावर घेतात आणि प्रयोगशाळेत खुद्द विषाणूचा डीएनए शोधतात. नवजात बाळाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून हाय खाल्लेली आई भेटली तर तिला पहिल्यांदा हे विचारा, चाचणी कोणती होती?

बचावाबद्दल थोडक्यात. निरोधाबद्दल मराठी समाजाला मी नवं काय सांगणार? र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ काढून शरीरसंबंधांविषयी उघड बोलायला सुरुवात केली, आणि त्यापायी खटले सोसले. शंभर वर्षं होत आली, मेडिकल दुकानात आपला आवाज अजून खाली येतो. सांगलीत ‘संग्राम’ या संस्थेने नव्वदच्या दशकात हे काम देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्याच हाती दिलं. निरोध वाटणाऱ्या त्या, गिऱ्हाईकाला ठणकावणाऱ्याही त्याच. उपदेश करायला गेलेल्या आम्हा डॉक्टरांपेक्षा त्यांचं काम जास्त झालं.

दुसरं, धोका घडून गेल्यावर ७२ तासांच्या आत २८ दिवसांचा औषधोपचार सुरू करता येतो. नर्सला सुई टोचली, बाईवर बलात्कार झाला, तर सोमवारची वाट पाहू नका. जितके तास लवकर तितकं चांगलं. तिसरं, ज्यांना वारंवार धोका आहे त्यांनी आधीपासूनच गोळी घ्यायची सोय आहे, तिला प्रेप म्हणतात. आणि आता वर्षातून दोनदा घ्यायचं लेनाकॅपाविरचं इंजेक्शन आलं आहे. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुणींवर झालेल्या चाचणीत हे इंजेक्शन घेतलेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. ते स्वस्तात बनवायचे परवाने भारतीय कंपन्यांना मिळाले आहेत. ते आपल्या तालुक्याला केव्हा पोचेल, हे २००१ ते २००४ची तीन वर्षं आठवणाऱ्यांनी सरकारला विचारत राहावं.

कायद्याचंही उत्तर बदललं आहे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने, काम करायला सक्षम असलेल्या माणसाची नोकरी केवळ एचआयव्हीमुळे नाकारता येणार नाही, असं सांगितलं, आणि त्या माणसाचं नावही निकालात येऊ दिलं नाही. एचआयव्हीविषयीचा २०१७चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय चाचणी नाही, परवानगीशिवाय कुणाचा रिपोर्ट कुणाला सांगायचा नाही, शाळा, दवाखाना, नोकरी, भाड्याचं घर यांत भेदभाव नाही, आणि राहत्या घरातून हाकलता येणार नाही. तक्रारीसाठी राज्यात लोकपाल नेमायची तरतूद आहे. जिला माहेरी धाडलं त्या सुनेला हा कायदा कुणी वाचून दाखवला का, हा प्रश्न मी इथल्या वकील मंडळींकडे सोपवतो.

देशात आज सुमारे पंचवीस लाख माणसं एचआयव्हीसह जगत आहेत, आणि कुठल्याही राज्यापेक्षा जास्त आपल्या महाराष्ट्रात. सरकारी अंदाजाने त्यांतल्या साधारण पाचातल्या एकाला आपल्याला लागण आहे हे माहीत नाही. उरलेल्यांपैकी गोळ्या घेणाऱ्यांचा व्हायरल लोड बहुतांशी दबलेला आहे. तेव्हा विषाणू आज पुढे जातो तो मुख्यतः ज्यांनी कधी तपासलंच नाही त्यांच्याकडून, किंवा ज्यांचं औषध सुटलं त्यांच्याकडून. केंद्रात रांगेत उभा असलेला माणूस, ज्याच्याशेजारी बसायला तुम्ही कचरता, तो नव्हे.

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आयसीटीसीची खोली असते. तपासणी मोफत, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतो, आणि रिपोर्ट फक्त तुमच्या हातात देतात. जायचं धाडस होत नसेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे, नाव सांगावं लागत नाही.

आता प्रश्न घेऊ. उभं राहून विचारायची अडचण असेल तर मागच्या रांगेत कार्यकर्ते कोरे कागद वाटत आहेत, त्यावर लिहून पाठवा. नाव लिहू नका.